आक्काला ऑक्सिजन लावलाय

शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत नवखा माणूस शिरला की त्याला आधी शिंक यायची आणि मग आक्काचं दुकान दिसायचं. आक्का चटणीचं कांडप चालवायची. उन्हाळा लागला की बायका वाळवलेली मिरची, भाजलेलं खोबरं, तीळ, धणे, लसूण असं सगळं पिशव्यांत भरून तिच्या दारात नंबर लावून बसायच्या आणि आत लोखंडी मुसळं दिवसभर धडाधड आपटत असायची. लाल धूळ भिंतीवर, छतावर, आक्काच्या भुवयांवर. ती नाकातोंडाला पदर बांधायची, पण पदर तो पदर. तिखट जायचं तिथं जातच होतं.

मी समोरच्या पायरीवर मशीन टाकून ब्लाऊज शिवत होते, अजून शिवते. माझं नाव क्रांती. वडील लाल बावट्याचे, म्हणून हे नाव. त्याला शोभेल असं मी आयुष्यात काही केलं नाही. आक्काची आणि माझी जात वेगळी, वयात वीस वर्षांचं अंतर, पण समोरासमोर बसून पोट भरणाऱ्या दोन बायका एकमेकींना किती ओळखतात ते सख्ख्या बहिणींनाही कळायचं नाही.

तिचं खरं नाव महादेवी. गाव गडहिंग्लजच्या पलीकडं, जिथं घरात कानडी आणि बाजारात मराठी चालते. लिंगायताचं घर, थोडी शेती, थोडा व्यापार. लग्न होऊन ती संकेश्वरला गेली आणि नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा एका पिशवीनिशी बापाकडं परत आली. बापाचं शाहूपुरीत मिरचीचं दुकान होतं. बाप गेला तेव्हा धाकटा भाऊ सिद्धराम अजून हाफ चड्डीत होता. आक्कानं अंगावरचं सोनं मोडून कांडपाची यंत्रं आणली आणि त्या धुळीत उभी राहिली ती राहिलीच. सिद्धरामला तिनं शिकवलं, त्याचं लग्न करून दिलं, भावजय पवित्राचं पहिलं बाळंतपण स्वतःच्या हातानं केलं. बाळाचं नाव प्रभुलिंग, तेही तिनंच ठेवलं. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत सगळे राहायचे आणि सगळ्यांच्या ताटातली भाकरी पुढच्या खोलीतल्या मुसळांखालून यायची.

तिच्या गळ्यात रेशमी दोऱ्याला चांदीची डबी होती आणि त्या डबीत तिचं पूजेचं इष्टलिंग. सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय ती चहासुद्धा घ्यायची नाही. एखादी बाई पायलीभर मिरची ठेवून गेली आणि नंतर कमी भरली म्हणून भांडायला आली, तर आक्का नुसती त्या डबीवर हात ठेवायची. बाई गप्प होऊन जायची. गल्लीत त्याच्यापुढं कोर्ट नव्हतं.

सिद्धराम मोठा झाला, पॅन्टीला इस्त्री करायला लागला आणि त्याला धुळीची लाज वाटायला लागली. तेव्हा गावात जिकडंतिकडं एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागत होत्या. याच्याही डोक्यात तेच. कांडप काढायचं, एसटीडी आणि झेरॉक्स टाकायचं, पंख्याखाली बसून खायचं. महिन्यातून एकदा तरी तो विषय काढायचा आणि आक्का प्रत्येक वेळी एकच उत्तर द्यायची.

"मी हाय तवर कांडप ऱ्हाईल. मी गेल्यावर तुला काय घालायचं ते घाल."

ती हे सहज म्हणायची. पण त्या घरात ‘आक्का हाय तवर’ हे तेव्हापासून मोजमाप होऊन बसलं, हे तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं, कारण पवित्रा माझ्याकडं ब्लाऊजच्या मापाला आली की बोलता बोलता आक्काच्या खोकल्याची चौकशी करायची, आणि त्या चौकशीत काळजी किती आणि हिशेब किती हे समोरच्याला कळतं.

आता एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं त्या काळात ऑक्सिजन म्हणजे औषध नव्हतं, ती बातमी होती. माणूस घरी उलटापालटा होईपर्यंत आम्ही त्याला काढे पाजायचो, अंगारा लावायचो, नृसिंहवाडीला नवस बोलायचो, आणि अगदीच डोळे फिरले की रिक्षात घालून दवाखान्यात न्यायचो. तिथं पोचल्यावर नाकाला नळी लावत आणि तासाभरात चादर वर ओढत. त्यामुळं ऑक्सिजन लावला की माणूस जातो, असंच आम्ही पाहिलेलं. कुणी विचारलं, तुमचा म्हातारा कसा हाय, आणि उत्तर आलं, ऑक्सिजनवर हाय, की विचारणारा जीभ चावायचा आणि मर्तिक कुठं करणार ते विचारायचा. चालत नसलेल्या हॉटेलालाही लोक ऑक्सिजनवर म्हणत. जीव वाचवायला लावतात, ही कल्पना आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात शिरलेलीच नव्हती.

सत्त्याण्णव साली कांडपाचा हंगाम संपता संपता आक्काच्या पोटात कळ आली आणि थांबेना. पित्ताच्या पिशवीत खडे आणि वर पू झालेला. मोठं ऑपरेशन ठरलं, बरगडीखाली वीतभर कापायचं. ती जायच्या दिवशी मला फक्त एवढंच म्हणाली की घोरपड्यांच्या मिरच्या आत राहिल्यात, त्यांच्यातलं कुणी आलं तर देऊन टाक. नर्सनं गळ्यातली डबी काढायला सांगितली तर तिनं ऐकलं नाही. शेवटी ती डाव्या दंडाला पट्टीनं बांधून तिला आत नेलं.

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी सिद्धरामनं दवाखान्यातून गल्लीच्या कोपऱ्यावर कृष्णातच्या किराणा दुकानात फोन केला. गल्लीतला तो एकच फोन. कृष्णातनं ऐकलं, फोन ठेवला आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. गल्लीत कुणी गेलं की तो तसं करायचा. मी मशीनवरनं उठून विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "आक्काला ऑक्सिजन लावलाय."

आणखी कुणी काही विचारलं नाही. विचारायचं काय होतं?

दुसरा फोन सिद्धरामनं गावाकडं दूध सोसायटीत केला. तिथं आण्णा होता. आण्णा म्हणजे आक्काचा थोरला चुलतभाऊ, भावकीतला कर्ता माणूस, लग्नं जमवणारा आणि वाटण्या करणारा. त्यानं अंत्यविधीसाठी मठातल्या स्वामींना निरोप धाडला, दोन जीपगाड्या ठरवल्या आणि शेतात आक्काच्या बापाच्या समाधीशेजारी खड्डा काढायला माणसं लावली. त्यांच्यात माणूस बसवून पुरतात, खड्डा खोल लागतो, आणि पेरणीचे दिवस, आयत्या वेळी माणसं मिळायची नाहीत म्हणून आण्णानं आधीच सोय करून ठेवली. त्यात त्याचं वाईट मन नव्हतं. उलट, आक्काच्या बाबतीत काही कमी पडू नये असाच त्याचा विचार होता. हे खड्ड्याचं आम्हाला मागाहून कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात गेले तर खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. गावाकडची माणसं एकेक करून पलंगाजवळ जात होती, आक्काच्या पायाला हात लावत होती आणि पदर तोंडात कोंबून बाहेर येत होती. पलंगाशेजारी काळं नळकांडं उभं, त्याच्या गळ्यात पाण्याची बाटली, त्यात बुडबुडे. आक्काच्या तोंडावर हिरवट मास्क. ती जागी होती. ती सगळं बघत होती. ज्या मावशीशी दहा वर्षं बोलणं नव्हतं तीसुद्धा येऊन पाया पडून गेली. तेव्हा आक्काच्या डोळ्यांत जे आलं ते मी पाहिलं. तिला तोवर कुणी सांगितलं नव्हतं की ती मरतेय. आता ते सांगायची गरजच उरली नाही.

मीही रडले. मला तरी काय ठाऊक होतं?

मग आण्णा पुढं झाला, पलंगाच्या कडेला बसला आणि असल्या वेळी घरातल्या थोरल्यानं जे म्हणायचं असतं ते म्हणाला, की मनात काही ठेवू नको, काय असेल ते बोलून टाक. आक्कानं मास्क हनुवटीवर ओढला. सिद्धराम धावला, तो परत वर बसवायला, तिनं त्याचा हात बाजूला केला. दंडाची पट्टी सोडवायला लावली, डबी उघडली आणि लिंग डाव्या तळहातावर घेतलं.  बाटलीतलं पाणी बुडबुडत होतं.

"कांडप सिद्धरामला दिलं," ती म्हणाली. "जागाबी त्याला. पर सिद्धू, मशीन चालू ठेव. बायकास्नी लांब जावं लागंल."

सिद्धरामनं मान हलवली. तो हुंदके देऊन रडत होता आणि ते रडणं खोटं नव्हतं, हे मी आजही म्हणते. उशीखालनं तिनं किल्ल्यांचा जुडगा काढून त्याच्या हातात ठेवला. मग नर्स आली आणि एवढी गर्दी कशाला, पेशंटला झोपू द्या म्हणून सगळ्यांना बाहेर हुसकलं. तिला वाटलं असेल, नेहमीचीच बघ्यांची गर्दी.

आक्कानं मास्क वर ओढला, लिंगावर उजवा हात ठेवला आणि मरणाची वाट बघत पडून राहिली.

मरण आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स येऊन मास्क काढायला लागली तर आक्कानं तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. नर्स म्हणत होती, आजी, आता नको तुम्हाला. आक्काला वाटलं, डॉक्टरांनी आशा सोडली, म्हणून काढून घेतात. डोळे मिटून ती पडून राहिली. श्वास येत होता, जात होता. पोट दुखत होतं. आणि दुपारी तिला भूक लागली.

मी तिथंच होते. तिनं मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "क्रांते, मरायच्या माणसाला भूक लागती व्हय गं?"

मऊ भात आणला, ती सगळा जेवली. बाहेर व्हरांड्यात पावणेमंडळी सतरंजी टाकून बसलेली. आक्का जेवली, हे मी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. नवरदेवच आला नाही म्हटल्यावर वऱ्हाडाची जी गत होते तीच. बरं झालं, बरं झालं, असं सगळे म्हणाले. आण्णा तर दोनदा म्हणाला. संध्याकाळच्या आत जीपगाड्या गावाकडं लागल्या.

घरी सोडायच्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरांच्या खोलीत बसलो होतो, आक्का, सिद्धराम आणि पिशव्या धरायला मी. आक्कानं हात जोडून डॉक्टरांना विचारलं की मी वाचले कशी? डॉक्टरांना प्रश्नच कळला नाही. मग ते हसले. म्हणाले, तुम्हाला मरायला काय झालं होतं? पोट वरच्या अंगाला कापलं की खोल श्वास घ्यायला दुखतं, माणूस अर्धाच श्वास घेतो. त्यात तुमच्या छातीत वर्षानुवर्षांचं तिखट बसलेलं. फुप्फुसं दमू नयेत म्हणून एक-दोन दिवस ऑक्सिजनचा आधार दिला. मोठ्या ऑपरेशननंतर आम्ही लावतोच. "तुमच्या भावाला त्याच दिवशी सगळं समजावून सांगितलं होतं की."

आक्कानं मान वळवून सिद्धरामकडं बघितलं. सिद्धराम खिडकीतनं रिक्षा दिसतेय का ते बघत होता.

रिक्षानं घरी आलो. मला राहवलं नाही. आक्काला आत झोपवल्यावर मी त्याला दारात गाठलं आणि विचारलं, डॉक्टर काय म्हणाले ते तू गल्लीत का सांगितलं नाहीस? गावाकडची माणसं पाया पडत होती तेव्हा तुझं तोंड कुठं गेलं होतं?

"मी काय खोटं बोललो?" तो म्हणाला. "ऑक्सिजन लावलाय म्हटलं. लावलाच हुता की."

खरंच, तो खोटं बोलला नव्हता. त्यानं डॉक्टरांच्या बोलण्यातला फक्त पहिला तुकडा फोनवर सांगितला आणि उरलेला गिळला. मुद्दाम गिळला, की घाबरून विसरला, की आधी विसरला आणि माणसं जमलेली बघून आठवूनही गप्प बसला, ते त्याचं त्याला ठाऊक. मला विचाराल तर तिसरं. असली पापं माणूस ठरवून करत नाही. ती चालत दारात येतात आणि माणूस फक्त दार लावत नाही.

दहा-पंधरा दिवसांनी आक्का सकाळी पूजा करून पदर खोचून दुकानाच्या दाराशी आली. किल्ल्यांचा जुडगा पवित्राच्या कमरेला होता. आक्कानं हात पुढं केला. पवित्रा गोड बोलली, ती नेहमीच गोड बोलायची.

"वन्सं, आता तुमी आराम करायचा. तुमीच दिलंय की ह्यास्नी."

समोर बसून मी बघत होते. आक्काचा पुढं केलेला हात तसाच राहिला, मग तिनं तो खाली घेतला आणि त्याच हातानं पायरीवरचा कागदाचा कपटा उचलला, जणू त्यासाठीच वाकली होती. त्या दिवशी मी दोन ब्लाऊजांच्या बाह्या उलट्या जोडल्या.

मी तिला म्हणाले, आक्का, हे तू मरतेस असं वाटून दिलंस. फसवून घेतलेलं आहे हे. मी साक्ष देते, डॉक्टर साक्ष देतील. आण्णालाही मी तो शहरात आला तेव्हा गाठलं. तो खाली बघून म्हणाला की चूक झाली असेल, पण लिंग हातात घेऊन बोललेलं परत कसं मागायचं, आम्ही सगळे साक्षीला होतो. आक्काचंही तेच. दिलं ते दिलं, एवढंच म्हणायची. पुढं तिनं स्वतः कचेरीत जाऊन कागदावर सही केली, कुणी ओढून नेलं नाही. मला तिचा राग यायचा. आजही येतो. तिनं लिंग हातात घेतलं होतं. त्यानं नुसती मान हलवली होती. म्हणून ती बांधली गेली आणि तो सुटला. पुढचा हंगाम कसाबसा झाला आणि सिद्धरामनं यंत्रं भंगारात घातली. मुसळं काढून हातगाडीवर चढवत होते तेव्हा आक्का मागच्या खोलीत भाकऱ्या थापत होती. बाहेर आली नाही.

मग तिथं पिवळी पाटी लागली. काही वर्षांनी ती उतरली आणि प्रभुलिंगनं मोबाइलचं दुकान थाटलं, काचेचं, थंडगार. आक्का दिवसभर माझ्या पायरीवर बसायची. काज-बटण करून द्यायची. उन्हाळ्यात लांबून बायका मिरचीच्या पिशव्या घेऊन यायच्या, काचेकडं बघून गोंधळायच्या आणि तिला विचारायच्या, आक्का, कांडप कुठं गेलं? ती हात करून दुसऱ्या गल्लीतला पत्ता सांगायची. वर, खोबरं जरा जास्त भाजून न्या, त्यांचं मशीन बारीक करत न्हाय, हेही सांगायची. धूळ गेली म्हणून खोकला जाईल असं डॉक्टर म्हणाले होते. तो गेला नाही, वाढला.

आणि गावाकडचा खड्डा. तो रिकामा बुजवायचा नसतो म्हणून आण्णानं त्यात नारळाचं रोप लावलं होतं. झाड जोमानं वाढलं. सात-आठ वर्षांनी नारळ धरले, तेव्हापासून आण्णा दरवर्षी गौरी-गणपतीला तिच्यासाठी दोन नारळ पाठवायचा. आक्का ते खवून चटणी वाटायची आणि मला वाटीभर आणून द्यायची. "खा, माझ्या समाधीचं हाय," असं म्हणून हसायची. मला तो घास गिळवायचा नाही, पण ती समोर उभी असायची, म्हणून खायचे.

दोन हजार आठ साली ती मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. पुन्हा ऑपरेशन, दुसरा दवाखाना. सिद्धराम तिला भरती करून गेला आणि त्याच आठवड्यात प्रभुलिंगच्या दुसऱ्या दुकानाचं उद्घाटन असल्यामुळं आक्काजवळ मी बसावं असं ठरलं. कुणी ठरवलं विचारू नका, असल्या गोष्टी आपोआप ठरतात. ऑपरेशन झालं. हाड बसलं, पण छाती बसेना. आता नळकांडं नव्हतं, भिंतीतनंच नळी आलेली, पण बाटलीतले बुडबुडे तेच. बोटाला चिमटा लावलेला आणि त्याच्यावरचा आकडा सारखा उतरायचा. नर्स येऊन ऑक्सिजन वाढवून जायची. तरुण डॉक्टरनं मला बाहेर बोलावलं आणि सरळ सांगितलं की या वेळी फुप्फुसं साथ देत नाहीत, घरच्यांना बोलावून घ्या.

मी मोबाइल काढला. तोही प्रभुलिंगच्याच दुकानातला. फोनवर मागं सनई वाजत होती, माणसांचा कलकलाट होता. गावाकडची सगळी मंडळी उद्घाटनाला आलेली. म्हणजे या खेपेला जीप ठरवायचीही गरज नव्हती, रिक्षानं दहा मिनिटं. मी म्हणाले, सिद्धराम, आक्काला ऑक्सिजन लावलाय, डॉक्टर तुम्हाला सगळ्यांना बोलवायला सांगताहेत, लगेच या.

"क्रांतीवैनी, घाबरू नका," तो म्हणाला. अगदी शांतपणे, समजूत घालत म्हणाला. "मागच्या वक्ताला ठाऊक हाय न्हवं तुमास्नी? मोठं ऑपरेशन झालं की लावत्यातच. पावणं जेवाय बसल्यात, उद्या येतो आमी."

डॉक्टरांचं बोलणं अकरा वर्षांनी त्याला पूर्ण पाठ होतं. मी पुन्हा सांगायला लागले तर फोन बंद झाला. पुन्हा लावला, कुणी उचलला नाही.

मी आत गेले. आक्काचे डोळे उघडे होते आणि ते दाराकडं होते. तिनं मास्क थोडा उचलला. मी तो परत बसवायला गेले, तर तिनं मागच्यासारखाच हात बाजूला केला.

"कोण आलंय?"

"कुणी न्हाय, आक्का."

"सिद्धू?"

"उद्या येतो म्हणाला."

"आण्णाबी न्हाय?"

"न्हाय."

 तिचा चेहरा सैल झाला. मास्क खाली सोडला, त्याच्या आतनं ती हसली आणि मास्कवर वाफ धरली. मला कान जवळ न्यावा लागला.

"मग मरत न्हाय मी. तू जा घरी, जेवून ये."

मी गेले नाही. तिला खरं सांगावं असं एकदाही माझ्या मनात आलं नाही. ती इतकी निवांत मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. दंडाला बांधलेल्या डबीवर हात ठेवून ती झोपली. सकाळी नर्सनं चिमटा काढला, बाटलीची चावी फिरवली आणि पाणी बुडबुडायचं थांबलं.

त्यानंतर सगळे आले. गावाकडं नेली, बसवून हार घातले, स्वामींनी सगळं यथासांग केलं. नारळाच्या मुळ्या पसरल्यामुळं खड्डा जरा बाजूला काढावा लागला. आण्णा चार माणसांत म्हणाला की बाई शब्दाची पक्की होती, लिंगावर दिलेलं मरेपर्यंत पाळलं. सगळ्यांनी माना हलवल्या. सिद्धरामही हलवत होता, तेवढं त्याला पहिल्यापासून जमतं. मग तो माझ्याजवळ आला. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. शेवटी तुम्हीच जवळ होता, म्हणाला, आमच्यासाठी काही बोलली का आक्का?

मी म्हणाले, "बोलली की. कोण आलंय म्हणून इचारलं तिनं."